पुसट चित्रांचा चित्रकार

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. अकरा वर्षांची एक मुलगी बसली आहे. अंगात लाल-पांढरं, फुलाफुलांचं जाकीट. सोनेरी केस मागे नीट बांधलेले. केसांची एकेक बट, जाकिटाची एकेक चुणी इतकी हुबेहूब, की हा फोटोच आहे असं वाटावं. पण गंमत अशी, की मुलीचा चेहराच दिसत नाही! ती मान वळवून मागे बघते आहे. आणि मागे तरी काय आहे? नुसता करडा रंग. आपण चित्रासमोर उभे राहतो आणि मनातल्या मनात म्हणतो, ‘अगं, जरा इकडे बघ ना!’ ती काही बघत नाही.

या चित्राचं नाव ‘बेट्टी’. १९८८ साली काढलेलं हे चित्र अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या कलासंग्रहालयात आहे. बेट्टी ही चित्रकाराचीच मुलगी. तिचा फोटो त्याने दहा वर्षं आधी काढून ठेवला होता. आणि ती मागे वळून जे करडं करडं बघते आहे, ते तिच्या वडिलांनीच रंगवलेलं एक चित्र आहे!

आता तुम्ही म्हणाल, इतकं सुरेख रंगवता येतं, तर लेकीचा चेहरा का नाही रंगवला? प्रश्न अगदी बरोबर आहे. या चित्रकाराची गोष्ट त्याच प्रश्नाभोवती फिरते. चित्र आपल्याला काही तरी दाखवतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण ते काय दाखवत नाही, याचा विचार त्याने जन्मभर केला.

त्याचं नाव गेरहार्ड रिश्टर. नाव ऐकून भूकंप आठवला ना? भूकंपाची बातमी आली, की ‘रिश्टर स्केल’ हे शब्द कानावर पडतातच. पण ते रिश्टर म्हणजे अमेरिकेतले शास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर. आपले रिश्टर जर्मनीतले चित्रकार. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही बरं का!

आईने दिलेला कॅमेरा

गेरहार्डचा जन्म ९ फेब्रुवारी १९३२ रोजी ड्रेस्डेन या शहरात झाला. वडील शाळामास्तर, आईला वाचनाची आणि पियानोची आवड. तो एक वर्षाचा होत नाही तोच जर्मनीत हिटलरची सत्ता आली. हिटलरच्या पक्षाला नाझी पक्ष म्हणत. सगळीकडे त्याच पक्षाचा हुकूम चाले. शिक्षकाची नोकरी टिकवायची तर पक्षात नाव घालावं लागे. गेरहार्डच्या वडिलांनीही घातलं. पुढे वडिलांच्या नोकरीपायी हे कुटुंब ड्रेस्डेन सोडून लहान गावांमध्ये राहायला गेलं.

१९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि वडील सैन्यात गेले. ते परतले १९४६ मध्ये, अमेरिकनांच्या कैदेतून सुटून. पण नाझी पक्षाचे सभासद होते म्हणून त्यांना शाळेत पुन्हा घेतलं नाही. गेरहार्ड तेव्हा चौदा वर्षांचा होता. आपल्या वयाचाच म्हणा ना!

तो तेरा वर्षांचा झाला त्याच आठवड्यात, १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री, इंग्लंडच्या विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्बचा पाऊस पाडला. दुसऱ्या दिवशी अमेरिकेची विमानं आली. सुमारे पंचवीस हजार माणसं मेली आणि युरोपातलं एक देखणं शहर दगडविटांचा ढिगारा झालं. गेरहार्डचं कुटुंब खेड्यात होतं म्हणून बचावलं.

युद्ध संपलं. खायलाप्यायला पुरेसं नाही, कपडे नाहीत, अशा त्या दिवसांत आईने मुलाला एक साधा कॅमेरा दिला. गावातल्या फोटोच्या दुकानदाराने त्याला फोटो धुवायला शिकवलं. अंधाऱ्या खोलीत, रसायनाच्या पाण्यात बुडवलेल्या कोऱ्या कागदावर हळूहळू माणूस उमटतो! आधी पुसट, मग जरा स्पष्ट, मग अगदी ठळक. तुमच्या आईबाबांनी फिल्मचे कॅमेरे वापरले असतील; त्यांना विचारा, ते सांगतील. गेरहार्डच्या आयुष्यात फोटो शिरला तो असा.

पहिल्यांदा नापास!

अभ्यासात गेरहार्ड फार हुशार नव्हता. व्यापारी शाळेत त्याने हिशेब लिहिणं, लघुलेखन आणि रशियन भाषा शिकून घेतली. मग पोटासाठी कामं केली. नाटक कंपनीत पडदे रंगवले. मिरवणुकीचे फलक रंगवले: जुन्या घोषणा धुऊन काढायच्या, त्याच कापडावर नव्या लिहायच्या. विचार करा, काल ज्या भिंतींवर हिटलरच्या घोषणा होत्या, तिथे आता नव्या राजवटीच्या घोषणा! कारण युद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले होते. पश्चिम जर्मनी अमेरिका, इंग्लंड, फ्रान्सच्या बाजूला गेली आणि ड्रेस्डेनसह पूर्व जर्मनी कम्युनिस्ट रशियाच्या बाजूला.

१९५० साली त्याने ड्रेस्डेनच्या कला अकादमीत अर्ज केला. नकार आला! पण सल्ला मिळाला, की आधी एखाद्या सरकारी कारखान्यात काम कर, मग पुन्हा ये. पठ्ठ्याने तसंच केलं. १९५१ साली पुन्हा अर्ज केला आणि या खेपेस प्रवेश मिळाला.

अकादमीत रंगवायचं काय, हेही ठरलेलं असे. हसरे कामगार, आनंदी शेतकरी, उज्ज्वल भविष्य. याला ‘समाजवादी वास्तववाद’ म्हणत. खऱ्याखुऱ्या आयुष्यात दुकानांपुढे रांगा असल्या, तरी चित्रात मात्र सगळे हसतमुख! रिश्टरने १९५६ साली ड्रेस्डेनच्या आरोग्य संग्रहालयाच्या भिंतीवर ‘जीवनाचा आनंद’ नावाचं मोठं चित्र काढलं. ते सगळ्यांना आवडलं, त्याला कामंही मिळू लागली. पुढे १९७९ साली ते चित्र रंगाखाली झाकून टाकलं गेलं. अलीकडे त्याचा काही भाग पुन्हा मोकळा करण्यात आला आहे.

भिंत उभी राहण्याआधी

१९५९ साली त्याला पश्चिम जर्मनीत कासेल नावाच्या गावी एक मोठं प्रदर्शन बघायला जाता आलं. तिथे त्याने अमेरिकेच्या जॅक्सन पोलॉकची चित्रं पाहिली. जमिनीवर कापड पसरून त्यावर रंग शिंपडलेले, ओघळ सोडलेले. इटलीच्या लुचो फोंतानाची चित्रं पाहिली. त्याने तर कॅनव्हासला चक्क चिरा पाडल्या होत्या! रिश्टर चक्रावूनच गेला. असंही चित्र असू शकतं? कुणाच्या हुकमाशिवाय?

त्याने मनाशी ठरवलं, इथून निघायचं. पण निघणं सोपं नव्हतं. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला बंदी होती. एकच फट शिल्लक होती, बर्लिन शहर. तिथे शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात लोकल गाडीने जाता येई. १९६१ च्या सुरुवातीला तो रशियाची सफर करून परत येत होता. त्याने काय केलं, तर सामान थेट पश्चिम बाजूच्या स्टेशनवर नेऊन ठेवलं, स्वतः ड्रेस्डेनला परतला, बायकोला घेतलं. एका मित्राने दोघांना मोटारीने पूर्व बर्लिनपर्यंत सोडलं. तिथून साध्या प्रवाशांसारखे ते गाडीत बसले आणि पश्चिमेला उतरले. आधीची चित्रं, घर, आईवडील सगळं मागे राहिलं. आणि थोडक्याच महिन्यांत, १३ ऑगस्ट १९६१ रोजी, बर्लिनची भिंत उभी राहू लागली. फट बुजली!

रिश्टर एकोणतीस वर्षांचा होता. अकादमीची पदवी हातात होती, नाव झालं होतं. तरीही ड्युसेलडॉर्फ शहरातल्या कला अकादमीत त्याने पुन्हा विद्यार्थी म्हणून नाव घातलं. पहिलीपासून सुरुवात केल्यासारखंच की!

तिथे त्याला सिग्मार पोल्के आणि कोनराड ल्युग हे मित्र भेटले. तिघेही खट्याळ. पूर्वेला ‘समाजवादी वास्तववाद’ होता ना, मग यांनी आपल्या चित्रांना थट्टेने नाव दिलं ‘भांडवलशाही वास्तववाद’. १९६३ साली रिश्टर आणि ल्युग यांनी ड्युसेलडॉर्फच्या एका फर्निचरच्या दुकानात प्रदर्शन भरवलं. दुकानातलं सोफ्याखुर्च्यांचं सामान चौथऱ्यावर ठेवलं आणि त्यावर स्वतःच जाऊन बसले, पुतळ्यांसारखे! बघणाऱ्यांना कळेना, हसावं की गंभीर व्हावं.

फोटो हलला की काय?

या थट्टामस्करीच्या मागे रिश्टर यांना एक खरी अडचण छळत होती. रंगवायचं काय? लहानपणी नाझींनी सांगितलं होतं, आम्ही म्हणतो तेच खरं. तरुणपणी कम्युनिस्टांनी सांगितलं, आम्ही म्हणतो तेच खरं. दोन्ही वेळा चित्रकारांना हाताशी धरून सुंदर, ठळक, ठासून सांगणारी चित्रं करून घेतली होती. तेव्हा ठासून सांगणाऱ्या चित्राचा त्यांना संशयच येऊ लागला.

मग त्यांनी एक साधीच युक्ती केली. आपण काही ठरवायचंच नाही. वर्तमानपत्रातला, मासिकातला किंवा घरच्या आल्बममधला एखादा साधा फोटो घ्यायचा. एका यंत्राने त्याची मोठी प्रतिमा कॅनव्हासवर पाडायची, पेन्सिलीने गिरवायची, आणि तैलरंगात, बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या-करड्या छटांत, जशीच्या तशी रंगवायची. १९६२ साली त्यांनी मासिकातल्या फोटोवरून एक टेबल रंगवलं आणि ते मनासारखं न झाल्यामुळे मधला भाग पुसून फराटे मारले. आपल्या चित्रांच्या यादीत त्यांनी पहिला क्रमांक दिला तो या टेबलालाच.

मग पुसणं हीच त्यांची खूण झाली. चित्र पूर्ण रंगवायचं. रंग ओला असतानाच त्यावरून कोरडा, मऊ ब्रश अलगद आडवा ओढायचा. कडा विरघळतात, चेहरे धूसर होतात. आपण म्हणतो ना, ‘फोटो हललाय’, अगदी तसं! लोक चष्मे पुसू लागले. जवळ जाऊन बघावं तर आणखीच पुसट. दूर जावं तर ओळखीचं वाटतं, पण हाती लागत नाही.

एवढ्या मेहनतीने रंगवलेलं कुणी बिघडवतं का? पण नीट विचार करा. तुम्हाला पहिलीतल्या बाई आठवतात? त्यांचा आवाज आठवेल, साडीचा रंग आठवेल. पण चेहरा? तो थोडा हललेलाच असणार. आठवण असते तशी ही चित्रं आहेत.

मावशी आणि मामा

आता १९६५ सालची दोन चित्रं पाहू. दोन्ही घरच्या आल्बममधल्या फोटोंवरून काढलेली.

पहिल्यात लांब ओव्हरकोट घातलेला एक तरणाबांड सैनिक भिंतीपुढे उभा आहे आणि छान हसतो आहे. हा रुडी, आईचा भाऊ, म्हणजे रिश्टर यांचा मामा. घरात सगळ्यांचा लाडका. १९४४ साली तो लढाईत मारला गेला. पण त्याच्या अंगावर गणवेश आहे हिटलरच्या सैन्याचा! मामा म्हणून त्याच्यावर प्रेम करायचं, की त्या सैन्याने जे केलं त्याबद्दल राग धरायचा? चित्र काहीच सांगत नाही. ते फक्त पुसट होऊन उभं राहतं.

पण रिश्टर यांनी हे चित्र कुणाला दिलं माहीत आहे? चेकोस्लोव्हाकियातल्या लिडित्से गावाच्या स्मारकासाठी. १९४२ च्या जूनमध्ये नाझींनी या गावातल्या पुरुषांना गोळ्या घातल्या, बायका-मुलांना पकडून नेलं आणि सगळं गाव जमीनदोस्त केलं. त्या गावाला जगभरातून चित्रं भेट म्हणून गेली. त्यांत हसणारा रुडीमामाही गेला. आज तो तिथल्याच संग्रहात आहे.

दुसऱ्या चित्रात चौदा वर्षांची एक मुलगी आहे आणि तिच्यापुढे चारएक महिन्यांचं बाळ. बाळ म्हणजे खुद्द गेरहार्ड. मुलगी म्हणजे त्याची मावशी मारियान. किती साधा फोटो! आपल्या प्रत्येकाच्या घरात असा एक तरी असतोच.

पुढे मारियानमावशीला मानसिक आजार झाला. आजारी माणसाला आपण डॉक्टरकडे नेतो, जपतो. पण नाझी राजवटीचं म्हणणं होतं, की असे आजारी लोक देशाला ओझं आहेत. आधी त्यांनी तिच्यावर जबरदस्तीने शस्त्रक्रिया केली, म्हणजे तिला पुढे मुलं होऊ नयेत. मग इस्पितळ म्हणवणाऱ्या एका संस्थेत तिला उपाशी ठेवून, नको ती औषधं देऊन मारलं. १६ फेब्रुवारी १९४५ ला ती गेली. ड्रेस्डेन जळत होतं त्याच आठवड्यात! अशा रीतीने मारलेल्या आजारी आणि अपंग माणसांची संख्या दोन लाखांहून अधिक होती, असं इतिहासकार सांगतात.

लहानपणी गेरहार्डने खोडी केली, की घरातले म्हणत, ‘असा वागलास तर मारियानसारखा वेडा होशील.’ मावशीबद्दल घरात बोलणं व्हायचं ते एवढंच. बाकी सगळे गप्प.

गोष्ट इथेच संपत नाही. १९६४ साली रिश्टर यांनी समुद्रकाठी मजेत बसलेल्या एका कुटुंबाचं चित्र काढलं होतं. त्यात हसणारे गृहस्थ होते त्यांचे सासरे, एक नामवंत डॉक्टर. पुढे चाळीस वर्षांनी युर्गेन श्रायबर नावाच्या पत्रकाराने जुने कागदपत्र धुंडाळले. तेव्हा बाहेर आलं, की हे सासरे नाझींच्या त्या जबरदस्तीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपैकीच एक होते. म्हणजे मावशीचा छळ ज्या योजनेत झाला, त्याच योजनेत भाच्याच्या सासरचा माणूस राबत होता! चित्र काढताना रिश्टर यांना याची कल्पना नव्हती. श्रायबर यांचं पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झालं.

फोटोत सगळे हसत होते. फोटो खोटा नव्हता. पण तो सगळं सांगतही नव्हता.

शेड कार्ड आणि भलीमोठी पट्टी

कुणाला वाटेल, रिश्टर यांनी जन्मभर पुसट फोटोच रंगवले. छे! एका जागी बसणारा हा माणूसच नव्हे.

घराला रंग द्यायचा असला, की रंगाच्या दुकानातून आपण शेड कार्ड आणतो. रंगाचे छोटे छोटे चौकोन ओळीने लावलेले असतात. १९६६ साली रिश्टर यांना ते कार्डच इतकं आवडलं, की त्यांनी त्याचीच मोठमोठी चित्रं केली. कुठला रंग कुठे बसवायचा हे पुढे त्यांनी नशिबावर सोडून दिलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं. १९७४ सालच्या एका चित्रात असे ४०९६ चौकोन आहेत!

१९७१ ते १९९३ अशी बावीस-तेवीस वर्षं ते ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत प्राध्यापक होते. या काळात त्यांनी एक नवं हत्यार हाताशी घेतलं. स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापणारे रंग ओढायला पट्टी वापरतात, ती पाहिली आहे? तशीच, पण माणसाच्या उंचीएवढी पट्टी. कॅनव्हासवर रंगांचे थर द्यायचे आणि ही भलीमोठी पट्टी सगळी ताकद लावून त्यावरून ओढायची. वरचा रंग खरवडला जातो, खालचा डोकावतो, मधेच दोन्ही मिसळून तिसराच तयार होतो. पुढे काय दिसेल हे चित्रकारालाही सांगता येत नाही. मग थांबायचं, दूर उभं राहून बघायचं, पुन्हा रंग, पुन्हा पट्टी. २०११ साली कोरिना बेल्झ या दिग्दर्शिकेने त्यांच्यावर माहितीपट काढला. त्यात ऐंशीच्या घरातले रिश्टर ही पट्टी ओढताना दिसतात.

यातल्याच एका चित्राला २०१५ साली लंडनच्या लिलावात तीन कोटी पौंडांहून अधिक किंमत आली. वर्तमानपत्रांत मोठाले मथळे झळकले. चित्रांना येणाऱ्या या किमती आपल्या समजण्यापलीकडच्या आहेत, असं रिश्टर यांनी स्वतःच सांगितलं आहे. त्यातला पैसा जातो चित्र विकणाऱ्याला. चित्रकाराने ते कधीच विकून टाकलेलं असतं!

अकरा हजार काचांची खिडकी

जर्मनीतल्या कोलोन शहरात एक प्रचंड जुनं कॅथीड्रल, म्हणजे मोठं चर्च आहे. युद्धात त्याच्या दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीची रंगीत काच फुटली होती आणि पुढची कित्येक वर्षं तिथे साधीच काच होती. रिश्टर १९८३ पासून याच शहरात राहत होते. चर्चने त्यांना विचारलं, नवी खिडकी कराल का? विषयही सुचवला, विसाव्या शतकात धर्मासाठी प्राण दिलेल्या माणसांची चित्रं काढा.

रिश्टर यांनी प्रयत्न केला, पण जमेना. पुन्हा तेच, कुणाला तरी ठासून काही सांगायचं! एक दिवस त्यांनी आपल्या ४०९६ चौकोनांच्या चित्रावर खिडकीचा आकार ठेवून पाहिला आणि उत्तर सापडलं.

२००७ च्या ऑगस्टमध्ये खिडकी तयार झाली. सुमारे ११,२०० चौकोनी काचा, प्रत्येक काच साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास, एकूण ७२ रंग. रंगांचा क्रम संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरवला. कुणा संताचं चित्र नाही, कुठलीच गोष्ट नाही. नुसता प्रकाश! सूर्य चढला, की जुन्या दगडी खांबांवर आणि फरशीवर रंग सांडतात आणि उन्हाबरोबर सरकत राहतात. रिश्टर यांनी या कामाचं मानधन घेतलं नाही.

सगळ्यांनाच ती आवडली असं नाही. कोलोनचे मुख्य धर्मगुरू, कार्डिनल माइसनर नाराज झाले. ही खिडकी मशिदीत किंवा दुसऱ्या कुठल्या प्रार्थनागृहात शोभली असती, असं त्यांचं मत पडलं. बघणारे मात्र आजही मान वर करून उभे राहतात.

झाकलेले फोटो

११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत न्यूयॉर्कच्या दोन गगनचुंबी इमारतींवर दहशतवाद्यांनी विमानं आदळली. त्या दिवशी रिश्टर आणि त्यांची पत्नी विमानाने न्यूयॉर्कलाच निघाले होते! त्यांचं विमान कॅनडाकडे वळवण्यात आलं. चार वर्षांनी, २००५ साली, त्यांनी त्या घटनेवर चित्र काढलं. एवढी मोठी घटना, म्हणून चित्रही अवाढव्य असेल ना? मुळीच नाही. जेमतेम टीव्हीच्या पडद्याएवढं. बहुतेकांनी ती घटना पाहिली होती तेवढंच! ज्वाळांचे झळझळीत रंग त्यांनी खरवडून काढले. उरला निळा-करडा धूर.

आणि शेवटी त्यांचं सगळ्यात अवघड काम. नाझींनी पोलंडमध्ये आउश्विट्झ-बिर्केनाउ इथे छळछावणी उभारली होती. तिथे दहा लाखांहून अधिक माणसं मारली गेली, त्यांतली बहुतेक ज्यू. १९४४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या कैद्यांनी जिवावर उदार होऊन, लपवून आणलेल्या कॅमेऱ्याने चार फोटो काढले आणि ते बाहेर पाठवले. का? तर जगाला कळावं म्हणून.

रिश्टर यांनी ते चार फोटो चार मोठ्या कॅनव्हासांवर उतरवायला घेतले. थोडं काम झाल्यावर त्यांना जाणवलं, हे असं रंगवता येणार नाही. इतकं दुःख ‘चित्र’ म्हणून भिंतीवर टांगायचं कसं? मग त्यांनी पट्टी उचलली. काळा, करडा, लाल, हिरवा, थरावर थर. फोटो संपूर्ण झाकले गेले. २०१४ साली ‘बिर्केनाउ’ ही चार चित्रं पुरी झाली. बघणाऱ्याला फोटो दिसत नाहीत. पण ते खाली आहेत, हे त्याला माहीत असतं.

बर्लिनमध्ये जर्मनीची संसद आहे. तिच्या प्रवेशदालनात एका भिंतीवर रिश्टर यांनी १९९९ साली काचेत केलेला राष्ट्रध्वजाच्या रंगांचा सुमारे वीस मीटर उंच पट्टा आहे. समोरच्या भिंतीवर या ‘बिर्केनाउ’ चित्रांची छायाचित्र-आवृत्ती लावली आहे. एका बाजूला देशाचा झेंडा, दुसऱ्या बाजूला देशाचा अपराध. निवडून आलेली माणसं या दोहोंच्या मधून आत जातात.

२०१७ नंतर रिश्टर यांनी तैलचित्रं काढायचं थांबवलं. २०२० मध्ये थोलाय इथल्या जुन्या मठासाठी त्यांनी तीन रंगीत खिडक्या पुऱ्या केल्या. नव्वदी ओलांडल्यावरही कागद आणि पेन्सिल मात्र सुटली नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये त्यांच्या साऱ्या आयुष्यातल्या कामाचं प्रचंड प्रदर्शन भरलं.

तुम्हीही करून पाहा

रिश्टर यांची एक सवय आपल्यालाही सहज उचलता येईल. तरुणपणापासून त्यांनी फोटो, कात्रणं आणि रेखाटनं जपून मोठ्या कागदांवर चिकटवली. या अफाट चिकटवहीचं नाव ‘अ‍ॅटलास’. ती आता म्युनिक शहरातल्या संग्रहालयात आहे आणि तिची पानं आठशेच्या आसपास आहेत!

तुम्हीही एक चिकटवही करा. घरातला एखादा जुना फोटो शोधा आणि त्याची झेरॉक्स काढा. मूळ फोटो चिकटवू नका हं! मग आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा. हे कोण? त्या दिवशी काय होतं? फोटो कुणी काढला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या वेळी घरात असून फोटोत नाही असं कोण आहे? मिळालेली उत्तरं शेजारच्या पानावर लिहून ठेवा.

हवं तर तो फोटो जलरंगात काढा, आणि रंग ओला असतानाच कोरडा ब्रश आडवा ओढा. पहिल्यांदा सगळा चिखल होईल. दुसऱ्यांदाही होईल. तिसऱ्यांदा कदाचित आजीचा भाऊ पुसट, हसरा, समोर उभा राहील.

आणि आईबाबांनो, मुलं विचारतील तेव्हा ‘तुला काय करायचंय?’ म्हणून त्यांना गप्प बसवू नका. मारियानमावशीबद्दल गेरहार्डला घरात कुणी नीट सांगितलं नाही. एका परक्या पत्रकाराने सारं उजेडात आणलं, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता.